एडगर वॉलेस

रिचर्ड होरेशिओ एडगर वॉलेस (१ एप्रिल १८७५ – १० फेब्रुवारी १९३२) हे इंग्लिश पत्रकार, रहस्यकथाकार, नाटककार व पटकथालेखक होते. त्यांनी १७० हून अधिक कादंबऱ्या, सुमारे ९५० लघुकथा आणि १८ नाटके लिहिली. १९२० च्या दशकात ते इंग्रजी भाषेतील सर्वाधिक खपाच्या लेखकांपैकी एक होते. थरारकथांचा राजा म्हणून त्यांची जाहिरात केली जात असे. 'द फोर जस्ट मेन' ही त्यांची पहिली रहस्यकादंबरी त्यांनी १९०५ मध्ये स्वतःच्या खर्चाने प्रसिद्ध केली. ती हजारोंनी खपली, तरीही तिच्यामुळे लेखक कर्जबाजारी झाला. त्यानंतर पुस्तकांच्या मिळकतीत नियमित वाटा मिळण्यासाठी त्यांना सुमारे सोळा वर्षे वाट पाहावी लागली. 'किंग काँग' या चित्रपटाच्या कथेचा पहिला आराखडा लिहिल्यानंतर लगेचच त्यांचे अमेरिकेत निधन झाले.

जन्म आणि बालपण

वॉलेस यांचा जन्म लंडनच्या ग्रिनिच भागात झाला. त्यांची आई मेरी जेन रिचर्ड्स ऊर्फ पॉली ही फिरत्या नाटक मंडळीतील विधवा अभिनेत्री होती. वडील रिचर्ड होरेशिओ एडगर हे त्याच मंडळीतील नट होते. दोघांचा विवाह झालेला नव्हता. बदनामी आणि नोकरी जाण्याची भीती यांमुळे पॉलीने बाळंतपण गुप्त ठेवले. अवघ्या नऊ दिवसांचे मूल तिने बिलिंग्जगेटच्या मासळीबाजारात हमाली करणाऱ्या जॉर्ज फ्रीमन यांच्या घरी सांभाळायला दिले. त्यासाठी ती थोडी रक्कम देत असे. काही वर्षांनी तेही तिला जमेनासे झाले. तेव्हा मुलाला अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहात पाठविण्याऐवजी फ्रीमन दांपत्याने त्याला आपलाच मुलगा मानले. त्या घरात आधीच दहा मुले होती. वॉलेस तेथे डिक फ्रीमन या नावाने वाढले.

त्यांनी बाराव्या वर्षी शाळा सोडली. त्याआधीच ते लंडनमधील लडगेट सर्कस या चौकात वर्तमानपत्रे विकत असत. पुढे त्यांनी छापखाना, चपलांचे दुकान, रबराचा कारखाना, मासेमारीची बोट आणि दूधवाटप अशा ठिकाणी मिळेल ते काम केले. ज्या फ्लीट स्ट्रीटवर त्यांनी नंतर नाव कमावले, ती त्या काळची वृत्तपत्रांची पेठ या चौकालाच लागून आहे.

सैन्य आणि पत्रकारिता

१८९४ मध्ये ते रॉयल वेस्ट केंट रेजिमेंटमध्ये शिपाई म्हणून भरती झाले. भरतीच्या वेळी त्यांनी एडगर वॉलेस हे नाव घेतले. 'बेन-हर' या कादंबरीचे लेखक ल्यू वॉलेस यांच्या नावावरून ते सुचले असे सांगितले जाते. १८९६ मध्ये त्यांची रवानगी दक्षिण आफ्रिकेत झाली आणि तेथे त्यांनी लष्कराच्या वैद्यकीय दलात काम केले. फावल्या वेळात ते शिपायांच्या जीवनावर पदे लिहीत. त्यांच्यापुढे रुडयार्ड किपलिंग यांचा आदर्श होता. १८९८ मध्ये किपलिंग केप टाउनला आले तेव्हा वॉलेस यांची स्वागतपर कविता 'केप टाइम्स' मध्ये प्रसिद्ध झाली आणि तेथील साहित्यिक वर्तुळाचे लक्ष त्यांच्याकडे गेले. त्याच वर्षी 'द मिशन दॅट फेल्ड' हा त्यांचा छोटा पद्यसंग्रह निघाला. १८९९ मध्ये रक्कम भरून त्यांनी सैन्यातून सुटका करून घेतली.

बोअर युद्धात ते प्रथम रॉयटर्सचे व नंतर लंडनच्या 'डेली मेल' चे बातमीदार होते. १९०२ च्या तहाच्या वाटाघाटी कडक बंदोबस्तात चालू होत्या. वॉलेस यांनी छावणीतील एका पहारेकऱ्याशी संधान बांधले होते. वॉलेस आगगाडीने छावणीजवळून जात आणि तो पहारेकरी ठरलेल्या रंगाचा रुमाल दाखवून वाटाघाटींची प्रगती कळवी. तह झाल्याची बातमी 'डेली मेल' ला इतरांच्या आधी मिळाली. मात्र सेनापती लॉर्ड किचनर यांचा रोष ओढवल्याने युद्धवार्ताहर म्हणून काम करण्याची वॉलेस यांची परवानगी रद्द झाली.

१९०१ मध्ये त्यांनी मेथडिस्ट धर्मोपदेशकाची कन्या आयव्ही कॅल्डिकॉट यांच्याशी तिच्या वडिलांचा विरोध पत्करून विवाह केला. १९०२ मध्ये ते जोहान्सबर्ग येथील 'रँड डेली मेल' या नव्या दैनिकाचे पहिले संपादक झाले. तेथे त्यांना उत्तम वेतन होते, परंतु सट्टा आणि उधळपट्टी यांत ते संपत असे. १९०३ मध्ये त्यांची लहान मुलगी मेंदूज्वराने दगावली. मालकाशी मतभेद होऊन संपादकपदही गेले आणि हे दांपत्य कर्ज घेऊन लंडनला परतले. वॉलेस पुन्हा 'डेली मेल' मध्ये रुजू झाले.

त्याच वर्षी जन्मदात्री पॉली त्यांना शोधत आली. ती वृद्ध, आजारी आणि निर्धन होती. आपल्याला टाकून दिल्याचा राग मनात असलेल्या वॉलेस यांनी तिच्या हातावर थोडे पैसे ठेवून तिला परत पाठविले. काही काळातच ती ब्रॅडफर्डच्या रुग्णालयात मरण पावली. तिने कोणत्या परिस्थितीत मूल दिले होते हे त्यांना पुढे कळले आणि या वागण्याचा पश्चात्ताप त्यांना होत राहिला.

'द फोर जस्ट मेन' चे प्रकाशन

लंडनमध्ये देणी वाढत होती आणि पत्रकाराच्या पगारात ती फिटणे शक्य नव्हते. रूसो-जपानी युद्धाच्या काळात बातमीदारीसाठी फिरताना वॉलेस यांची गुप्तहेरांशी गाठ पडली होती. त्यातून त्यांना थरारकथेची कल्पना सुचली. कायद्याच्या हाती न लागणाऱ्या अपराध्यांना स्वतः शिक्षा देणारे चौघे जण ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्याला एक विधेयक मागे घेण्याची धमकी देतात. मंत्री नमत नाही. ठरलेल्या वेळी, बंद खोलीत आणि पोलिसांच्या कडक पहाऱ्यात त्याचा मृत्यू होतो. 'द फोर जस्ट मेन' चे कथानक असे आहे.

या कादंबरीला प्रकाशक मिळाला नाही. तेव्हा वॉलेस यांनी टॅलिस प्रेस नावाची स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. त्यांनी केवळ पुस्तक छापले नाही, तर त्याची स्पर्धाही केली. मंत्र्याचा मृत्यू कसा झाला याचा उलगडा पहिल्या आवृत्तीत दिलेलाच नव्हता. पुस्तकासोबत एक प्रवेशपत्रिका होती आणि अचूक उत्तर देणाऱ्या वाचकांसाठी एकूण ५०० पाउंडांची बक्षिसे जाहीर झाली होती. याहून मोठ्या बक्षिसासाठी त्यांनी 'डेली मेल' चे मालक आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांच्याकडे पैसे मागितले होते, पण हार्म्सवर्थ यांनी नकार दिला. तरीही वॉलेस यांनी वृत्तपत्रे, भिंतीवरील फलक, बसगाड्या आणि हस्तपत्रके यांवर जाहिरातींचा मारा केला. पुस्तक १९०५ च्या अखेरीस बाजारात आले.

पुस्तकाला प्रतिसाद मोठा मिळाला आणि सुमारे ३८,००० प्रती खपल्या. परंतु हिशेब दोन ठिकाणी चुकला होता. एक म्हणजे जाहिरातींचा खर्च विक्रीच्या उत्पन्नापेक्षा अधिक झाला. दुसरी चूक त्याहून घातक होती. प्रत्येक बक्षिसासाठी एकच विजेता राहील, असे स्पर्धेच्या नियमांत कोठेही म्हटलेले नव्हते. अचूक उत्तरे अनेकांनी पाठविली आणि त्यांतील प्रत्येक जण बक्षिसाचा हक्कदार ठरला. वॉलेस निकाल लांबवीत राहिले, तेव्हा वाचकांची तक्रारपत्रे येऊ लागली आणि फसवणुकीचा संशय उघडपणे व्यक्त होऊ लागला. आपल्या वृत्तपत्राचे नाव या प्रकरणात ओढले जाईल या भीतीने अखेर हार्म्सवर्थ यांनीच उसने पैसे देऊन बक्षिसे भागविली. वॉलेस यांनी कादंबरीचे हक्क किरकोळ रकमेला विकून टाकले. पुढे ती अनेक दशके छापली जात राहिली, पण त्या उत्पन्नावर लेखकाचा अधिकार उरला नव्हता.

नोकरी गेली, काँगोच्या कथा आल्या

१९०६-०७ च्या सुमारास 'डेली मेल' ला अब्रुनुकसानीच्या दाव्यांत मोठ्या रकमा भराव्या लागल्या. वॉलेस यांच्या बातम्यांतील चुका आणि अतिशयोक्ती याला काही अंशी कारणीभूत होती. १९०७ मध्ये त्यांना नोकरीवरून काढण्यात आले. या लौकिकामुळे दुसरे वृत्तपत्रही त्यांना घेण्यास कचरत होते. त्यांची आर्थिक अवस्था बिकट झाली.

त्यापूर्वी 'डेली मेल' च्या वतीने ते आफ्रिकेतील काँगोमध्ये जाऊन आले होते. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या अमलाखाली रबर गोळा करण्यासाठी तेथील लोकांवर होणाऱ्या अत्याचारांची हकीकत त्यांना लिहायची होती. 'वीकली टेल-टेलर' या स्वस्त कथा-साप्ताहिकाच्या संपादक इझाबेल थॉर्न यांनी या अनुभवांवर कथामाला लिहिण्याची सूचना केली. त्यातून पश्चिम आफ्रिकेतील ब्रिटिश अधिकारी सँडर्स याच्या कथा जन्मल्या. १९११ मध्ये 'सँडर्स ऑफ द रिव्हर' हा त्यांचा पहिला संग्रह निघाला आणि ही मालिका १९२८ पर्यंत चालू राहिली. स्वतः भांडवल न घालता, ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या लांबीची कथा देऊन मानधन घेण्याची शिस्त वॉलेस यांना या साप्ताहिकाने लावली. साम्राज्यवादी दृष्टी आणि आफ्रिकी माणसांचे हिणकस चित्रण यांमुळे या कथांवर पुढे तीव्र टीका झाली.

एकरकमी विक्रीचा काळ

१९०८ ते १९२० या काळात वॉलेस यांनी रहस्यकथा, शिपाईकथा, घोड्यांच्या शर्यतींवरील स्तंभ आणि नाट्यपरीक्षणे असे विपुल लेखन केले. परंतु निकडीमुळे ते बहुतेक पुस्तकांचे सर्व हक्क एकरकमी विकत. एका कादंबरीला साधारणतः ७० ते १०० पाउंड मिळत. पुस्तक कितीही खपले तरी त्यात त्यांचा वाटा नसे. आलेली रक्कम देणेकऱ्यांकडे किंवा शर्यतीच्या मैदानावर जाई आणि पुढील कादंबरीची घाई होई. शर्यतींचे जाणकार म्हणून ते लिहीत असले, तरी स्वतः लावलेल्या पैजांत बहुधा हरत. पहिल्या महायुद्धाच्या वर्षांतही हा क्रम चालू राहिला. या ताणाचा परिणाम संसारावर झाला. १९१८ मध्ये आयव्ही यांनी घटस्फोटासाठी अर्ज केला. १९२१ मध्ये वॉलेस यांनी आपल्या सचिव एथेल व्हायोलेट किंग यांच्याशी दुसरा विवाह केला.

हॉडर अँड स्टाउटन आणि कीर्ती

१९२१ मध्ये हॉडर अँड स्टाउटन या प्रकाशनसंस्थेने वॉलेस यांच्याशी करार केला आणि त्यांच्या व्यावसायिक जीवनाला वळण मिळाले. एकरकमी मोबदल्याऐवजी आगाऊ रक्कम आणि प्रत्येक प्रतीमागे स्वामित्वधन अशी व्यवस्था झाली. प्रकाशकांनी एकेका पुस्तकाऐवजी लेखकाच्या नावाचीच जाहिरात केली. स्वस्त किंमत, ठळक रंगांची वेष्टने आणि त्यांवर लेखकाची मुद्रा यांमुळे वॉलेस यांची पुस्तके रेल्वे स्थानकांवरील विक्रीमंचांवर दुरून ओळखू येत. १९०५ मध्ये वॉलेस यांनी एकट्याने जे साधण्याचा प्रयत्न केला होता, तेच आता भांडवल, वितरण आणि हिशेब यांची जोड असलेल्या संस्थेने साधले.

'द क्रिम्झन सर्कल' (१९२२), 'द ग्रीन आर्चर' (१९२३), 'द डार्क आइज ऑफ लंडन' (१९२४) आणि 'द माइंड ऑफ मिस्टर जे. जी. रीडर' (१९२५) ही या काळातील गाजलेली पुस्तके होत. १९२८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांपैकी, बायबल वगळता, दर चौथे पुस्तक वॉलेस यांचे असते असा दावा करण्यात येई.

लेखनपद्धती

वॉलेस कादंबऱ्या हाताने क्वचितच लिहीत. ते मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रण करणाऱ्या यंत्रात मजकूर सांगत आणि सचिव तो टंकलिखित करीत. त्यांचे सचिव रॉबर्ट कर्टिस हे अतिशय वेगवान टंकलेखक होते. लांब नळीतून सिगारेट ओढत आणि गोड चहाचे पेल्यांमागून पेले घेत वॉलेस तासन्‌तास मजकूर सांगत. 'द डेव्हिल मॅन' ही कादंबरी त्यांनी सुमारे ६० तासांत पूर्ण केली. एकाच वेळी अनेक कथा क्रमशः चालू असत. मजकूर पुन्हा तपासण्याची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे पात्रांची नावे बदलणे किंवा धागे सुटणे असे दोष त्यांच्या पुस्तकांत आढळतात.

त्यांच्या कथेत गुन्हा शोधणारा बहुधा हौशी बुद्धिमान गृहस्थ नसून पोलीस अधिकारी, पत्रकार किंवा रीडर याच्यासारखा सरकारी नोकर असतो. शांत तर्कापेक्षा गती, धोका आणि अनपेक्षित कलाटणी यांवर त्यांचा भर असे. वर्तमानपत्र विकणाऱ्या पोरापासून मंत्र्यापर्यंत सर्व थरांतील माणसांची बोली त्यांना अवगत होती आणि त्यांच्या संवादांत ती दिसते.

रंगभूमी, चित्रपट आणि राजकारण

'द गाँट स्ट्रेंजर' या कादंबरीवरून त्यांनी रचलेले 'द रिंगर' हे नाटक १९२६ मध्ये लंडनच्या विंडहॅम्स थिएटरमध्ये गाजले. शिकागोच्या टोळीयुद्धावर आधारलेले 'ऑन द स्पॉट' (१९३०) हे त्यांचे सर्वोत्तम नाटक मानले जाते. त्यात चार्ल्स लॉटन यांनी प्रमुख भूमिका केली होती. ब्रिटिश लायन या चित्रपटसंस्थेचे वॉलेस अध्यक्ष होते. १९३१ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ते ब्लॅकपूल मतदारसंघातून लिबरल उमेदवार म्हणून उभे राहिले आणि मोठ्या फरकाने पराभूत झाले.

अखेरचे दिवस

उत्पन्न प्रचंड असूनही शर्यतीचे घोडे, पैजा, नाट्यप्रयोगांतील तोटा आणि सढळ खर्च यांमुळे वॉलेस पुन्हा कर्जात गेले. १९३१ च्या अखेरीस आरकेओ या चित्रपटसंस्थेचे निमंत्रण स्वीकारून ते हॉलिवूडला गेले. तेथे निर्माते मेरियन कूपर यांच्यासाठी महाकाय वानराच्या कथेचा पहिला आराखडा त्यांनी जानेवारी १९३२ मध्ये लिहिला. त्यातील फारच थोडा भाग पुढे टिकला, परंतु १९३३ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'किंग काँग' च्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव कायम राहिले.

निदान न झालेला मधुमेह आणि न्यूमोनिया यांमुळे १० फेब्रुवारी १९३२ रोजी बेव्हर्ली हिल्स येथे त्यांचे निधन झाले. शव जहाजाने इंग्लंडला आणण्यात आले. फ्लीट स्ट्रीटवरील ध्वज अर्ध्यावर उतरविण्यात आले आणि सेंट ब्राइड्स चर्चची घंटा वाजविण्यात आली. बकिंगहॅमशायरमधील लिटल मार्लो येथे त्यांचे दफन झाले. त्यांच्यावर सुमारे १,४०,००० पाउंडांचे कर्ज होते. ते पुस्तकांच्या स्वामित्वधनातून सुमारे दोन वर्षांत फिटले. जे हक्क ते पूर्वी शंभर पाउंडांच्या आत विकून टाकीत, तसेच हक्क नंतर राखून ठेवल्यामुळे त्यांच्या मागे कुटुंबाची देणी फिटू शकली.

वारसा

ज्या लडगेट सर्कस चौकात ते वर्तमानपत्रे विकत, तेथे त्यांचे स्मृतिफलक बसविण्यात आले आहे. त्यांच्या साहित्यावर १६० हून अधिक चित्रपट निघाले. १९५९ पासून पश्चिम जर्मनीत त्यांच्या कादंबऱ्यांवर काढलेल्या चित्रपटांची मालिका अतिशय लोकप्रिय झाली. जर्मनीत त्यांची पुस्तके इंग्लंडपेक्षाही अधिक काळ वाचली गेली. मार्गारेट लेन (१९३८) आणि नील क्लार्क (२०१४) यांनी त्यांची चरित्रे लिहिली. वॉलेस यांचे 'पीपल' हे आत्मकथन १९२६ मध्ये प्रसिद्ध झाले.

मराठी रहस्यकथा आणि वॉलेस

एकोणिसाव्या शतकात मराठी कादंबरीवर जॉर्ज रेनॉल्ड्स या इंग्लिश लेखकाच्या अद्भुतरम्य कथांचा प्रभाव होता. विसाव्या शतकात स्वस्त व वेगवान रहस्यकथेचा नमुना वॉलेस आणि त्यांच्या समकालीनांकडून मराठीत आला. बाबुराव अर्नाळकर या नावाने लिहिणारे चंद्रकांत सखाराम चव्हाण यांची 'चौकटची राणी' ही वॉलेस यांच्या 'फोर स्क्वेअर जेन' वर बेतलेली मानली जाते. अर्नाळकर यांनी १९३६ ते १९८४ या काळात पुस्तकरूपाने १,०९२ रहस्यकथा प्रसिद्ध केल्याची नोंद गिनीज बुकात झाली होती. लहान आकाराची पुस्तके, माफक किंमत, ठरलेले नायक आणि वर्गणीदार वाचनालयांतून होणारा प्रसार ही मराठी रहस्यकथेची वैशिष्ट्ये वॉलेस यांनी रूढ केलेल्या वाटेशी जुळणारी आहेत.

निवडक साहित्य

द फोर जस्ट मेन (१९०५)
एंजल एस्क्वायर (१९०८)
सँडर्स ऑफ द रिव्हर (१९११)
द क्रिम्झन सर्कल (१९२२)
द ग्रीन आर्चर (१९२३)
द डार्क आइज ऑफ लंडन (१९२४)
द माइंड ऑफ मिस्टर जे. जी. रीडर (१९२५)
द रिंगर (नाटक, १९२६)
फोर स्क्वेअर जेन (१९२९)
ऑन द स्पॉट (नाटक, १९३०)